दोनच माणसांची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला नभोवाणीवर बोलावलं की त्यानं कवितेबद्दल बोलावं, असा एक संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. मी बोलणार आहे एका जुन्या गाडीच्या खरेदीबद्दल. गाडी माझी नाही. मला गाडी चालवताही येत नाही. दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी वाढलो. शिकलो ती होडी वल्हवायला, तीही बेताचीच. पण २०२३ च्या उन्हाळ्यात मी बर्मिंगहॅमला माझ्या थोरल्या बहिणीकडे सहा आठवडे राहिलो, आणि त्यातले चार आठवडे आम्ही लोकांच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बघत हिंडलो. त्याची ही हकिगत.

बहिणीला आम्ही आपा म्हणतो आणि तिच्या यजमानांना दुल्हाभाई. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांतून माणसं आधी दर्यावर गेली, मग मुंबईच्या गोदीत, आणि तिथून आफ्रिकेत, आखातात, विलायतेत. दुल्हाभाई १९६९ साली, सोळाव्या वर्षी, वडिलांच्या पाठोपाठ बर्मिंगहॅमला गेले. आपा लग्न होऊन १९८१ साली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. विमानतळावर तिनं मला एक पेन दिलं आणि म्हणाली, "पत्र लिहीत जा." माझं लिहिणं तिथून सुरू झालं, असं मी मानतो.

दुल्हाभाई एका लहानशा कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पत्र्याचे छोटे छोटे भाग कापायचे आणि वाकवायचे. ते भाग जायचे शहराच्या दक्षिण टोकाच्या लाँगब्रिजच्या प्रचंड मोटार कारखान्यात. हा कारखाना हर्बर्ट ऑस्टिननं १९०५ साली सुरू केला. जगप्रसिद्ध मिनी गाडी १९५९ पासून तिथं तयार झाली. आणि १९९५ पासून तिथं तयार होऊ लागली एमजीएफ नावाची दोन सीटांची, टप मागं दुमडता येणारी स्पोर्ट्‌स कार. दुल्हाभाई सांगायचे, "त्या गाडीत माझी एक पट्टी आहे. बाहेरून दिसत नाही. पण आहे."

एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजची कंपनी बुडाली. एकट्या त्या कंपनीतल्या सुमारे सहा हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तिला माल पुरवणारे लहान कारखानेही कोलमडले, त्यात दुल्हाभाईंचा होता. बावन्नाव्या वर्षी त्यांनी टॅक्सीचा परवाना काढला आणि पुढची पंधरा वर्षं सात माणसांची गाडी चालवली. कोविडच्या साथीत त्यांच्याबरोबर टॅक्सी चालवणारे दोन मित्र गेले. त्यानंतर त्यांनी चालवणं थांबवलं. गाडी विकली आणि त्या पैशातले चार हजार पौंड वेगळे ठेवले.

मी गेलो त्या आठवड्यात एका रात्री जेवताना ते म्हणाले, "मला टप उघडणारी गाडी घ्यायचीय. दोन सीटांची."

भाची म्हणाली, "अब्बा, इथं ऊन वर्षातून किती दिवस पडतं?" भाचा म्हणाला, "सत्तरीत स्पोर्ट्‌स कार? लोक हसतील." आपा काही बोलली नाही. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

भाचीचा प्रश्न मलाही पडला होता. पण तिथं राहिल्यावर उत्तर कळलं. आपल्याकडे मे महिन्यात टप उघडून कोण बसेल? आपण सावली शोधणारी माणसं. ज्यांच्या वाट्याला ऊन मोजकं येतं, तेच त्याची हौस करतात. म्हणून पावसाळी इंग्लंडनंच उघड्या गाड्या जगाला दिल्या. त्यातलं मोठं नाव एमजी, म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. आपल्याला हे घराणं परकं नाही. आपली अँबॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच होती. आणि एमजीची पाटी लावलेल्या गाड्या २०१९ पासून आपल्या रस्त्यांवरही आहेत. आता ते नाव चिनी कंपनीच्या मालकीचं आहे.

एमजीबी ही त्या घराण्याची गाजलेली उघडी गाडी १९६२ ते १९८० निघाली. मग तसल्या स्वस्त, साध्या, दोन सीटांच्या गाड्या जवळजवळ बंदच पडल्या. ती रिकामी जागा भरली जपाननं. हिरोशिमाच्या माझदा कंपनीनं १९८९ साली एमएक्स-५ नावाची गाडी आणली. जुन्या इंग्रजी गाड्यांचा आनंद आणि जपानी गाड्यांचा भरवसा. २०१६ साली तिनं दहा लाखांचा आकडा गाठला. आज इंग्लंडमध्ये कमी पैशात जुनी उघडी स्पोर्ट्‌स कार घ्यायची म्हटलं की जाणकार डोळे मिटून हीच सांगतात.

म्हणजे दुल्हाभाईंपुढचा प्रश्न सरळ होता. व्यवहार म्हणत होता, माझदा घ्या. त्यांचं मन म्हणत होतं, जिच्यात आपली पट्टी आहे ती घ्या.

शेजारच्या गल्लीत एक म्हातारा जमैकन मिस्त्री राहायचा. दुल्हाभाईंची टॅक्सी तोच दुरुस्त करायचा. त्यानं पहिल्या दिवशीच दोन अटी घातल्या. चारातले तीन हजारच गाडीवर घालायचे, एक हजार हातात ठेवायचे. कारण जुनी गाडी पहिल्या वर्षी आपली किंमत पुन्हा एकदा मागते. आणि जी गाडी तुम्हाला आधीच आवडली आहे, ती तुम्ही तपासायची नाही, मी तपासणार.

पहिली पाहिली ती लाल एमजीएफ. १९९७ ची. मी तर बघताक्षणी विरघळलो. दुल्हाभाईंनी दारावर हात फिरवला, तो आमच्या गावी बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मिस्त्रीनं मात्र मागच्या बाजूला हात लावला, कारण या गाडीचं इंजिन सीटांच्या मागं असतं. तिथं ऊब होती. मालकानं आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. मिस्त्री माझ्या कानात म्हणाला, "थंड इंजिन खरं बोलतं."

मग त्यानं तेलाचं बूच काढलं. आतून ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट फेस. थोडा फेस थंडीत छोट्या फेऱ्या मारल्यानंही धरतो, पण इथं कूलंटची टाकीही उतरलेली होती. दोन्ही मिळून अर्थ एकच: हेड गॅस्केट. या गाडीचा हा जुना आजार. इंजिन मागं, रेडिएटर पुढं, मधे गाडीच्या पोटाखालून गेलेले लांब पाइप, आणि एकूण पाणी बेताचं. कुठं थोडी गळती झाली आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसलं, की इंजिन तापतं आणि गॅस्केट जातं. किंमत होती फक्त बाराशे पौंड. "एवढी स्वस्त!" मी म्हणालो. मिस्त्री म्हणाला, "उरलेली किंमत ती तुमच्याकडून नंतर घेईल."

परत येताना दुल्हाभाई गप्प होते. मग म्हणाले, "माझी पट्टी नाही गंजलेली. मी हात घालून बघितलं."

दुसरी होती माझदा, १९९९ ची, हिरवी. बाहेरून झकास. आमच्याकडे जुनी होडी घेताना अनुभवी माणूस रंगाकडे बघत नाही. तो तळाशी बसतो आणि फळ्या ठोकून बघतो. मिस्त्रीनं नेमकं तेच केलं. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराखालच्या पट्टीवरून, ज्याला ते सिल म्हणतात, पुढून मागं फिरवत नेलं. मागच्या चाकाजवळ चुंबक धरेनासं झालं. म्हणजे तिथं पत्रा नव्हता, लांबी भरून वर रंग मारला होता.

असं का होतं, तेही त्यानं दाखवलं. टपावर पडलेलं पावसाचं पाणी सीटांमागच्या दोन कोपऱ्यांत उतरतं आणि तिथल्या भोकांतून नळीनं खाली जातं. झाडाखाली उभ्या गाडीत पानं पडतात, भोकं बुजतात, आणि पाणी सिलच्या आत जाऊन बसतं. पत्रा आतून कुजतो. त्यानं बाटलीतलं पाणी त्या कोपऱ्यात ओतलं. ते मागच्या चाकापुढं रस्त्यावर पडायला हवं होतं. पडलंच नाही. मग त्यानं पुढच्या बाजूला, बंपरमागच्या चासीच्या दांड्यांखाली टॉर्च धरला. तिथंही पापुद्रे सुटलेले. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ खालून गाडीला खातं. हे मात्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खाऱ्या वाऱ्यात खिळे कसे झिजतात, हे आम्ही जन्मापासून पाहिलेलं आहे.

त्या गाडीला आणखी एक अडचण होती. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी जून २०२१ पासून स्वच्छ हवेचा पट्टा आहे. पेट्रोलची गाडी युरो ४ दर्जाची नसेल तर तिथं शिरायचे दिवसाला आठ पौंड पडतात. हा दर्जा नव्या पेट्रोल गाड्यांना २००६ पासून सक्तीचा झाला. त्याआधीची गाडी घ्यायची तर नंबर टाकून खात्री करून घ्यावी लागते. दुल्हाभाई म्हणाले, "शहरात मी बसनं जातो. म्हाताऱ्यांना पास फुकट आहे."

नंबर टाकण्यावरून सांगतो. तिथं तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, आणि तिचा निकाल सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो. गाडी कधी नापास झाली, का झाली, तेव्हा किती मैल चालली होती, सगळं. दर वर्षीचे मैल ओळीनं वाढत गेलेले दिसले पाहिजेत. 'सिलला गंज लागतो आहे' असा शेरा एका वर्षी असेल आणि पुढच्या वर्षी नाहीसा झाला असेल, तर विचारायचं: दुरुस्तीची पावती कुठं आहे? मी तर एका गाडीची चौदा वर्षांची तपासणी एखाद्या दीर्घकवितेसारखी वाचून काढली. आपल्याकडे अशी सोय असती तर किती बापड्यांचे पैसे वाचले असते!

तिसरी गाडी पुन्हा माझदा, २००६ ची, तिसऱ्या पिढीतली, दोन लिटरची. मालक निवृत्त शिक्षक. इंजिन थंडगार, सुरू केलं तर एका ठोक्यात चालू. आधीच्या पिढ्यांत टायमिंगचा पट्टा असतो, तो साठ हजार मैलांना बदलावा लागतो. हिच्यात साखळी, ती कटकट नाही. सिल ठणठणीत. कोपऱ्यात ओतलेलं पाणी जिथं पडायला हवं तिथं पडलं. दुल्हाभाई चक्कर मारून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. किंमत अडतीसशे. तीन हजारांची अट मोडत होती, पण मिस्त्रीही म्हणाला, "ही घेतलीत तर मी रागावणार नाही."

व्यवहार जवळजवळ ठरला. तेवढ्यात ते शिक्षक सहज म्हणाले, "तुमच्या पत्नीला दाखवलीत का? दुसऱ्या सीटवर त्याच बसणार ना?"

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. तीन आठवडे तीन पुरुष इंजिन, गंज, गॅस्केट, चासी यांवर बोलत होतो. आपाला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. आपा चौसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. ती गाडीत बसली खरी; बसली म्हणजे अखेरच्या वीतभर अंतरात पडलीच. ओढणी सावरून तिनं इकडंतिकडं बघितलं, आरशाला बोट लावलं. उतरताना मात्र तिला उठताच येईना. मी दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा ती बाहेर आली. हसत म्हणाली, "गाडी चांगली आहे. तुम्ही दोघं जा फिरायला."

वाक्य साधं होतं, पण दुल्हाभाईंचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. रात्री मला अंगणात म्हणाले, "तुला माहीत आहे, आमच्या गाडीत ती पुढं कधी बसलीच नाही. आधी माझी अम्मा पुढं बसायची, ही पोरांना घेऊन मागं. मग टॅक्सी आली. तिच्यात मागची सगळी सीटं गिऱ्हाइकांची. मला दोन सीटांची गाडी कशाला हवी होती, असं वाटलं तुला?"

मला उत्तर सुचलं नाही. मी कवी आहे, आणि तीन आठवडे मला ती गाडी एका म्हाताऱ्याची हौस वाटत होती.

शिक्षकांची माफी मागून आम्ही पुन्हा शोधाला लागलो. आता अट एक वाढली होती: आधी आपा बसणार आणि उतरणार, मग बाकीचं. मिस्त्रीनंच आठवण काढली. एमजीएफ आणि तिच्यानंतर २००२ साली आलेली एमजी टीएफ या गाड्यांवर वेगाचे शौकीन एक टीका करत आले आहेत, की सीट फार उंच आहे, स्पोर्ट्‌स कारमध्ये बसल्यासारखं वाटत नाही. मिस्त्री म्हणाला, "त्यांचा दोष तुमच्या कामाचा आहे."

चौथी गाडी २००३ ची टीएफ, करड्या रंगाची, अजिबात डोळ्यांत न भरणारी. मागितले सत्तावीसशे पौंड. आपानं दार उघडलं, बसली, पाय आत घेतले. मग दाराला धरून, कुणाचा हात न घेता उतरली. थोडी कण्हली, पण उतरली. पुन्हा बसली. "ही बरी आहे," म्हणाली.

मग मिस्त्री खाली गेला. मालकिणीनं एक जाडजूड फाइल आणून दिली. हेड गॅस्केट बदलल्याची पावती होती, आणि नवं गॅस्केट पोलादाच्या अनेक थरांचं, सुधारित, असं तीत लिहिलेलं होतं. पाण्याचा पंप आणि टायमिंगचा पट्टा त्याच वेळी बदललेला. पोटाखालचे कूलंटचे पाइप न गंजणाऱ्या पोलादाचे घातलेले. एमजीएफमध्ये स्प्रिंगांच्या जागी द्रव आणि वायू भरलेले गोळे असतात, ते आता नवे मिळणं मुश्कील. टीएफला साध्या स्प्रिंगा, त्यामुळे ती चिंता नाही. दोषही सापडले. मागच्या सबफ्रेमवर वरवरचा गंज होता, आणि टायरांची नक्षी नवी पण वय जुनं. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं २०१२ साल निघालं. एवढ्या दोषांवर दोनशे पौंड उतरले. पंचवीसशेत गाडी ठरली. टायर आणि विमा धरूनही हातात थोडे पैसे उरले.

ती त्यांच्या कारखान्याच्या काळातलीच गाडी. पट्टी आहे का, हे बघायला मात्र दुल्हाभाईंनी या वेळी हात घातला नाही.

पहिल्या रविवारी ऊन पडलं. दुल्हाभाईंनी टप मागं दुमडलं. दोघं निघाले लिकी टेकड्यांकडे. तिथून खाली लाँगब्रिज दिसतं. मी, भाचा, भाची, सगळे दारात उभे. त्या घरातून आमच्यापैकी कुणालाही जागा नसलेली गाडी पहिल्यांदाच बाहेर पडत होती. आपानं हात हलवला. तो निरोप बेचाळीस वर्षांपूर्वीच्या विमानतळावरच्या निरोपासारखा मुळीच नव्हता.

तीन तासांनी परत आले. मी विचारलं, "काय बोललात वाटेत?"

आपा म्हणाली, "काही नाही. वाऱ्यात ऐकूच येत नाही." मग ओढणी झटकत म्हणाली, "पुढच्या रविवारी पण जायचंय."

गाडी अजून त्यांच्याकडे आहे. एका वर्षी तपासणीत ब्रेकचं काम निघालं, राखून ठेवलेल्या पैशांतून ते झालं. हिवाळ्यात ते दर पंधरवड्याला मागची भोकं स्वच्छ करतात आणि पोटाखालचं मीठ पाण्यानं धुऊन काढतात.

तुमच्यापैकी फार थोड्यांना टप उघडणारी गाडी घ्यायची असेल. पण जुनी स्कूटर, जुनी जीप, जुना टेम्पो पुष्कळजण घेतात. त्यांना मी मिस्त्रीचंच सांगेन. कागद आधी वाचा. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. रंग बघू नका, तळ बघा. चौथा हिस्सा पैसा हातात ठेवा. आणि एक गोष्ट मिस्त्रीच्या यादीत नव्हती, ती एका परक्या शिक्षकांनी सांगितली: जो शेजारी बसणार आहे त्याला आधी बसवून बघा, आणि उतरवूनही बघा.